खानदेशचे ऊन कोणाचे?

खानदेशचे ऊन ही वस्तू आजवर बाहेरच्यांनी थट्टेने आणि खानदेशवासीयांनी धास्तीने उल्लेखावी अशीच होती. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे गेला की ते आकडे वर्तमानपत्रांत ठळक टाइपात झळकतात, दुपारचे रस्ते ओस पडतात आणि रावेर-यावलच्या केळीबागाइतदाराचा जीव टांगणीला लागतो. या उन्हाने कोणाचे भले केले असे कोणी कधी म्हटले नव्हते. परंतु गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक विलक्षण पालट झाला आहे. तेच ऊन आता निविदांच्या कागदपत्रांत युनिटमागे इतके रुपये व इतके पैसे या भाषेत शिरले आहे. त्याच्या खरेदी-विक्रीचे पंचवीस-पंचवीस वर्षांचे करार होत आहेत, आणि ज्या माळाकडे सावकारानेही तारण म्हणून ढुंकून पाहिले नसते त्या माळाची मोजणी सुरू झाली आहे. जी वस्तू कालपर्यंत कोणाचीच नव्हती, तिला बाजारभाव आला की ती कोणाची हा प्रश्न आलाच. खानदेशचे ऊन कोणाचे, हा प्रश्न म्हणूनच आज काव्यातला राहिलेला नाही. तो कारभारातला झाला आहे.

हा प्रश्न विचारण्यास एक साधे निमित्त पुरेसे आहे. केरळातील कोचीचा विमानतळ २०१५ सालापासून सूर्याच्या विजेवर चालतो. मग ज्या जळगावात कोचीहून कितीतरी कोरडे आणि कडक ऊन पडते, तेथला विमानतळ तसा का चालू नये, असे कोणाही सुशिक्षित नागरिकाच्या मनात येणे साहजिक आहे. आमचे उत्तर असे की, तो जरूर चालावा. परंतु तो चालवताना कोचीने काय केले आणि आपल्याच धुळे जिल्ह्यात काय घडले, हे दोन्ही धडे शेजारी शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. पहिला धडा उत्साह देणारा आहे. दुसरा मान खाली घालावयास लावणारा आहे.

कोचीचा हिशेब

कोचीचा विमानतळ हे मुळातच एक धाडस होते. सरकारी तिजोरीवर सर्वस्वी विसंबून न राहता, परदेशी राहणाऱ्या हजारो केरळीयांसह अनेकांच्या भांडवलातून तो उभा राहिला आणि १९९९ साली सुरू झाला. विजेचे बिल डोईजड होऊ लागले तेव्हा या कंपनीने २०१३ साली एका इमारतीच्या छपरावर अवघ्या १०० किलोवॉटचा प्रयोग केला. तो पचल्यावर एक मेगावॉट, आणि तोही पचल्यावर बारा मेगावॉट, अशा पायऱ्या तिने घेतल्या. १८ ऑगस्ट २०१५ रोजी मालवाहतूक संकुलाजवळच्या ४५ एकरांवर मांडलेल्या ४६,१५० पॅनेलांचे उद्घाटन मुख्यमंत्री ओमन चंडी यांच्या हस्ते झाले. खर्च सुमारे ६२ कोटी रुपये. रोजची निर्मिती पन्नास ते साठ हजार युनिटांच्या घरात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१८ साली या उपक्रमाला आपला सर्वोच्च सन्मान दिला. पुढे कंपनीने पय्यन्नूर येथे आणखी बारा मेगावॉटांची भर घातली आणि एका नदीवर साडेचार मेगावॉटांचे छोटे जलविद्युत केंद्रही बांधले.

या साऱ्यात डोळे दिपवणारे आकडे बाजूला ठेवून तीन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिली ही की, विमानतळाच्या आवारातली ही पॅनेले कंपनीच्या स्वतःच्या जमिनीवर बसली. त्यांच्यासाठी कोणाचे भातखाचर वा नारळीची बाग नव्याने घेतली गेली नाही. दुसरी गोष्ट ही की, पॅनेलांच्या रांगांमधल्या जागेत भाजीपाला लावण्यात आला आणि पॅनेले धुतलेले पाणी त्याच भाजीला देण्यात आले. एका जमिनीकडून दोन कामे करून घेण्याची ही दृष्टी आपल्याकडच्या अनेक योजनाकारांपाशी नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, 'सूर्यावर चालतो' या दोन शब्दांचा नेमका अर्थ काय, हे कोचीच्या व्यवस्थेवरून उलगडते.

रात्री सूर्य नसतो. विमाने मात्र रात्रीही उतरतात. कोचीने यासाठी अवाढव्य बॅटऱ्यांचे कोठार बांधले नाही. दिवसा गरजेपेक्षा जास्त झालेली वीज राज्याच्या विद्युत मंडळाच्या तारांत सोडावयाची आणि रात्री तेवढी परत घ्यावयाची, असा पेढीवरच्या ठेवीसारखा व्यवहार त्याने ठरवला. वर्षाअखेर जमा आणि उचल यांची तोंडमिळवणी झाली, म्हणजे विमानतळ सूर्यावर चालला. यात लबाडी काही नाही. परंतु ही पेढी चालू ठेवण्यासाठी रात्री कोठेतरी पाणी कोसळत किंवा कोळसा जळत राहावा लागतो, हेही विसरता कामा नये. जळगावचा विमानतळ उद्या याच रीतीने सूर्यावर चालला, तर त्याची रात्रीची उचल ज्या जाळ्यातून होईल त्यात भुसावळजवळच्या दीपनगरच्या कोळशाचाही वाटा असणार. सूर्यशक्तीचा जयघोष करणाऱ्यांनी दीपनगरच्या धुराड्यांकडे पाठ फिरवून तो करू नये.

आणखी एक स्पष्टोक्ती येथेच केलेली बरी. विमानतळाची वीज म्हणजे दिवे, पंखे, वातानुकूलन, पंप, सामानाचे पट्टे आणि नियंत्रण-मनोऱ्यातील यंत्रे. विमान उडते ते इंधनावर, आणि त्या इंधनाच्या धुरापुढे जमिनीवरच्या दिव्यांचा हिशेब किरकोळ आहे. तेव्हा सौर विमानतळ झाला म्हणजे विमानप्रवास पवित्र झाला, असा समज कोणी करून घेऊ नये. जेवढे साधते तेवढे साधावे, आणि जेवढे साधले तेवढेच सांगावे, हा प्रामाणिक व्यवहार होय.

जळगावची धावपट्टी

आता जळगावकडे वळू. येथील धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याने १९७३ साली बांधली. १९९७ साली तिचा कारभार नगरपालिकेकडे, २००७ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे, आणि नूतनीकरणानंतर २०१२ साली भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आला. खानदेशच्या कन्या आणि तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या कारकीर्दीत, २०१० साली विस्ताराची कोनशिला बसली आणि २३ मार्च २०१२ रोजी उद्घाटन झाले. इमारत झाली, धावपट्टी झाली. विमान मात्र येईना. 'उडान' योजनेखाली मुंबईची पहिली फेरी डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाली, आणि त्यानंतरचा इतिहास म्हणजे सेवा सुरू होणे, खंडित होणे आणि नव्या कंपनीने पुन्हा सुरू करणे याचीच पुनरावृत्ती होय. २०२४ साली गोवा, हैदराबाद व पुणे या शहरांशी जळगाव जोडले गेले तेव्हा शहराला पुन्हा हुरूप आला. २०२१ साली वैमानिक-प्रशिक्षणासाठी प्राधिकरणाने निवडलेल्या पाच विमानतळांतही जळगावचे नाव होते. धुळ्याजवळच्या गोंदूरची धावपट्टीही प्रशिक्षणाच्याच कामी येते.

अशा लहान विमानतळाचे दुखणे ठरलेले असते. विमाने दिवसातून थोडी, उत्पन्न तुटपुंजे, आणि दिवे, पंप, यंत्रे व पहारा यांचा खर्च मात्र कायमचा. मोठ्या विमानतळाला सौर वीज ही शोभेची बाब ठरू शकेल. लहान विमानतळाला ती तगून राहण्याचे साधन ठरू शकते. जगातील लहान विमानतळांनी हे ओळखले आहे. दक्षिण आफ्रिकेतील जॉर्ज या छोट्या शहराच्या विमानतळाने २०१६ साली आपल्या गरजेपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास वीज स्वतःच्या आवारात निर्माण करण्यास प्रारंभ केला. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील चॅटानूगा विमानतळाने टप्प्याटप्प्याने अडीच मेगावॉटांहून किंचित अधिक क्षमता उभारून २०१९ साली आपली सर्व गरज सूर्यावर भागवली. ही शहरे लंडन-न्यूयॉर्कच्या तोलाची नाहीत. जळगावच्या ओळीत बसणारी आहेत.

जळगावच्या विमानतळाची जमीन सुमारे ७५० एकर आहे. कोचीच्या मापाने एका मेगावॉटला चार एकरांच्या आसपास जागा लागते. आपल्या भागात एक मेगावॉटपासून वर्षाकाठी ढोबळ मानाने पंधरा लाख युनिटे, म्हणजे दिवसाला चार हजार युनिटे मिळावीत. कोचीसारख्या वर्दळीच्या विमानतळाची रोजची गरज २०१५ साली पन्नास हजार युनिटांच्या घरात होती. जळगावला तिचा अल्पांश पुरेल. म्हणजे आपल्या आवाराचा अर्धा टक्का भाग सूर्याला दिला तर या विमानतळाच्या विजेचा प्रश्न बव्हंशी सुटावा. धावपट्टीच्या दोन्ही अंगांना सुरक्षिततेसाठी जमीन मोकळी ठेवावीच लागते. ठरावीक अंतरापलीकडची अशी जमीन, जेथे उंच इमारत चालत नाही, उंच झाड चालत नाही आणि पक्षी गोळा करणारे पीकही चालत नाही, ती गुडघा-कंबरेइतक्या उंचीच्या पॅनेलांसाठी जणू राखूनच ठेवलेली असते.

काचेच्या चकाकीने वैमानिकाचे डोळे दिपतील, अशी शंका घेतली जाते. शंका रास्त आहे, परंतु तिचे उत्तर उपलब्ध आहे. पॅनेलाचा धर्मच प्रकाश गिळण्याचा आहे. परावर्तित झालेला प्रत्येक किरण हा त्याचा तोटा असतो. म्हणून त्याच्या काचेवर चकाकी मारणारा लेप दिलेला असतो आणि समोरून पडणारे ऊन ते संथ पाण्याच्या पृष्ठभागाच्या तोडीचे किंवा त्याहून कमीच परतवते. कोणत्या महिन्यात, कोणत्या घटकेस, कोणत्या कोनातून चकाकी येईल याचे गणित आधी मांडता येते व त्याप्रमाणे जागा आणि कल ठरवता येतो.

खानदेशपुरत्या मात्र दोन अडचणी खऱ्या आहेत. पहिली, वीज निघते ती प्रकाशापासून, उष्णतेपासून नव्हे. सिलिकॉनची पॅनेले पंचवीस अंशांच्या वर दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के क्षमता गमावतात. मे महिन्यात जळगावला पॅनेलाचा पृष्ठभाग पासष्ट अंशांपर्यंत तापला, तर सोळा टक्के वीज उन्हानेच खाल्ली असे होते. ज्या उन्हाचा आपण अभिमान बाळगू पाहतो ते सर्वांत कडक असते तेव्हा सर्वांत फलदायी नसते. दुसरी अडचण धुळीची व पाण्याची. धूळ साचली की निर्मिती घटते, धुवावी तर पाणी लागते. आणि ज्या तालुक्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते तेथे काचा धुण्यास पाणी कोठून आणले, हा प्रश्न गावकरी विचारणारच. कोरड्या ब्रशांनी पुसणारी यंत्रे आता मिळतात. निविदेत त्यांची अट घालणे हे अधिकाऱ्यांचे काम आहे. ठिबकच्या नळ्यांनी थेंबाथेंबाचा हिशेब देशाला शिकवणाऱ्या जळगावाला पाण्याच्या काटकसरीचा पाठ दुसऱ्याने द्यावा लागू नये.

साक्रीचा माळ

हे झाले विमानतळाचे. परंतु खानदेशात सूर्याची खरी शेती जळगावच्या धावपट्टीवर अवतरणार नसून ती धुळे जिल्ह्यात आधीच अवतरली आहे. साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीने जर्मनीच्या के.एफ.डब्ल्यू. या विकास बँकेच्या कर्जसाहाय्याने उभारलेला १२५ मेगावॉटांचा प्रकल्प मार्च २०१३ मध्ये कार्यान्वित झाला. कोचीच्या ज्या बारा मेगावॉटांचे कौतुक जगाने केले, त्याच्या दसपटीहून मोठा प्रकल्प त्याच्या दोन वर्षे आधी आपल्या साक्रीच्या माळावर उभा होता, हे किती महाराष्ट्रीयांना ठाऊक आहे?

त्या माळावर जो जाईल त्याला प्रथम जाणवते ती शांतता. दीपनगरला कोळशाच्या वाघिणींचा खडखडाट असतो, राख असते, धूर असतो. येथे यांपैकी काहीच नाही. निळसर-काळ्या काचांच्या रांगा दक्षिणेकडे तोंड करून शेकडो एकर पसरलेल्या, पलीकडे ब्राह्मणवेलच्या डोंगरमाथ्यावर पवनचक्क्यांची पाती, आणि मधे माणूस जवळजवळ नाही. यंत्राची ही निःशब्द कार्यक्षमता पाहून मन प्रसन्न होते. पण 'माणूस नाही' या निरीक्षणाशी ते क्षणभर अडखळतेही. कारण सौर प्रकल्प बांधताना शेकडो हात लागतात, परंतु तो बांधून झाला की पहारेकरी, काचा पुसणारे आणि मोजके तंत्रज्ञ एवढ्यांवर चालतो. साखर कारखाना वा सूतगिरणी आली की आसपास बाजारपेठ वसते. सौर प्रकल्प आला की कुंपण येते. त्या कुंपणाच्या आतली वीज उच्च दाबाच्या तारांवरून दूर निघून जाते, आणि तारांखालचा शेतकरी आपल्या विहिरीवरच्या मोटरीसाठी रात्री बाराच्या पाळीची वाट पाहत बसतो.

'माळ पडीक होता, मग कोणाचे काय गेले?' असा युक्तिवाद नेहमी करण्यात येतो. सातबाऱ्यावर ज्या जमिनीला 'पड' किंवा 'पोटखराबा' म्हटलेले असते ती महसूल खात्याच्या लेखी निरुपयोगी असेल. ठेलाऱ्यांच्या मेंढरांच्या लेखी ती कुरण असते आणि आदिवासी बाईच्या लेखी ती सरपणाची, डिंकाची व रानभाजीची जागा असते. कागदावरचा रिकामा रकाना म्हणजे रिकामी जमीन नव्हे. कोणतीही जमीन घेण्यापूर्वी ती कोणाच्या नावावर आहे याइतकेच ती कोणाच्या उपयोगाची आहे हेही विचारले पाहिजे.

विखरणची पाच एकर

या प्रश्नाची सर्वांत भयंकर बाजू शिंदखेडा तालुक्यातील विखरणने महाराष्ट्राला दाखवली. दोंडाईचा परिसरात आधी औष्णिक प्रकल्पासाठी म्हणून जमिनींचे संपादन सुरू झाले. पुढे कोळशाचा विचार मागे पडून त्याच जमिनींवर सौर प्रकल्पाचे ठरले. या संपादनात विखरणच्या धर्मा पाटील यांची पाच एकर जमीन गेली आणि तिचा मोबदला म्हणून सुमारे चार लाख रुपये हाती पडले. आपल्या आंब्याच्या बागेची योग्य दखल घेतली गेली नाही, इतरांना याहून कितीतरी अधिक मोबदला मिळाला, ही त्यांची तक्रार होती. ऐंशीच्या घरातला हा शेतकरी तालुक्याच्या, जिल्ह्याच्या आणि शेवटी राज्याच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत राहिला. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात त्यांचा अंत झाला. त्यानंतर फेरमूल्यांकनाची चक्रे हलली आणि आकडा वाढला. जो अर्ज जिवंत माणसाच्या हातात असताना फायलींच्या ढिगाऱ्यात पडून होता, तो त्याच्या मृत्यूनंतर वाचता आला, याचा अर्थ काय घ्यावयाचा? कायदा अपुरा होता म्हणावे, तर नंतर त्याच राज्यात त्याच अधिकाऱ्यांना मार्ग कसा सापडला?

या प्रकरणात सूर्यशक्तीचा दोष तिळमात्र नाही. दोष आहे तो 'मोठ्या लोकहितासाठी' या मंत्राने छोट्या माणसाचा हिशेब पुसून टाकण्याच्या जुन्या सवयीचा. महाराष्ट्राला ही सवय नवी नाही. १९२१ साली मुळशी पेट्यातील मावळ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह आरंभला तो याचसाठी. धरण बांधावयाचे मुळशीत, भातशेती बुडावयाची मावळ्यांची आणि दिवे लागावयाचे मुंबईत, हा तो सौदा होता. पुढे कोयनेने महाराष्ट्राच्या औद्योगिक भरभराटीचा पाया घातला, आणि कोयनेच्या विस्थापितांचे मोर्चे दोन पिढ्यांनंतरही निघत राहिले. पाण्याची वीज झाली, कोळशाची झाली, आता उन्हाची होत आहे. साधन बदलले, दिव्याखालचा अंधार तोच राहणार असेल, तर सौर विजेला स्वच्छ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? धूर नाही एवढ्यावरून वीज स्वच्छ ठरत नाही.

भाडे आणि मालकी

सुदैवाने यातून बाहेर पडण्याची वाट सरकारच्या एका योजनेतच आहे. २०१७ साली सुरू झालेल्या आणि २०२३ साली सुधारलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच्या विद्युत उपकेंद्रालगत छोटे सौर प्रकल्प उभारावयाचे आणि त्यांची वीज त्याच उपकेंद्रातून शेतीच्या वाहिन्यांना दिवसा द्यावयाची, अशी कल्पना आहे. यासाठी खासगी जमीन विकत न घेता भाड्याने घेण्याची तरतूद असून भाडे हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये व त्यावर दरसाल तीन टक्के वाढ असे ठरले आहे. या सुधारित योजनेतील पहिला, तीन मेगावॉटांचा प्रकल्प वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे २०२४ साली कार्यान्वित झाला.

या योजनेतील दोन तत्त्वे आम्हांस मोलाची वाटतात. जमिनीचा सातबारा शेतकऱ्याच्याच नावे राहतो. विखरणला जी चार आकडी-सहा आकडी घासाघीस झाली तिचे कारणच उरत नाही. आणि वीज ज्या गावात निर्माण होते त्या गावाच्या पिकाला आधी मिळते. रात्रीच्या पाळीला पाणी भरणे म्हणजे काय, हे शहरातील वाचकाला एखाद्या वेळी कल्पनेने जाणावे लागेल. थंडीत चिखलात उभे राहावयाचे, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडे. बांधावर सापाची आणि चाळीसगावकडच्या पट्ट्यात बिबट्याची भीती. आणि वीज मध्येच गेली तर पुन्हा पहाटेपर्यंत जागरण. आपण ज्या विजेचा पंखा उशाशी लावून निजतो त्याच विजेसाठी हा माणूस जागत असतो. त्याला दिवसाची वीज मिळणे हे खानदेशच्या उन्हाचे पहिले कर्तव्य आहे. विमानतळाचा क्रम त्याच्या नंतरचा.

म्हणून जळगावच्या विमानतळावर सूर्याची वीज जरूर आणावी; परंतु ती पुढील चार अटींसह आणावी, असे आमचे म्हणणे आहे. पहिली, खानदेशातील सौर पॅनेले आधी सार्वजनिक मालकीच्या जागांवर बसावीत. विमानतळाची मोकळी जमीन, सरकारी इमारतींची व गोदामांची छपरे, औद्योगिक वसाहतींच्या शेड, कालव्यांचे काठ, एवढ्यांचा हिशेब मांडल्याशिवाय शेतकऱ्याच्या जमिनीकडे बोट दाखवण्याचा अधिकार कोणत्याही खात्याला नसावा. दुसरी, खासगी जमीन लागलीच तर ती स्वेच्छेच्या भाडेपट्ट्याने घ्यावी. बागाईत व फळबागा सर्वस्वी वगळाव्यात, गावठाणाच्या माळाबाबत ग्रामसभेत खुली चर्चा व्हावी, आणि पंचवीस वर्षांनी निकामी झालेली पॅनेले कोणी उचलावयाची हे करारातच लिहिलेले असावे. नाहीतर आज वीज पिकवणारा माळ उद्या काचेचा उकिरडा होईल.

तिसरी अट, विमानतळाच्या पॅनेलांपासून दिवसा जी जास्त वीज निघेल तिचा लाभ आधी कुसुंबा-नशिराबाद परिसरातील शेतीवाहिन्यांना मिळावा. वीज तारेत शिरली की तिची ओळख राहत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु उपकेंद्राच्या पातळीवर हिशेब ठेवून तेवढे दिवसाचे तास वाढवून देणे महावितरणला अशक्य नाही. विमान ज्यांच्या डोक्यावरून उडते त्यांच्या विहिरीवर त्या विमानतळामुळे दिवसा पाणी चढले, तर विमानतळ हा आपल्या कामाचा आहे असे त्या गावांना प्रथमच वाटेल. चौथी अट सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. सूर्याकडून किती युनिटे आली, जाळ्यातून किती घेतली, किती परत दिली, याचा मासिक हिशेब प्रवाशांच्या दालनात व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. 'शंभर टक्के सौर' ही पाटी लावणे सोपे आहे. दर महिन्याचा आकडा लावण्यास धैर्य लागते.

या अटी फार झाल्या, त्यांनी प्रगतीचा गाडा अडेल, असे म्हणणारे निघतील. त्यांना आम्ही एवढेच विचारतो की, विखरणच्या एका फाइलीने सरकारची जेवढी अब्रू गेली तेवढी वर्षभराच्या विलंबाने गेली असती काय? कोचीने शंभर किलोवॉटांपासून आरंभ केला आणि दोन वर्षांत जगाच्या नकाशावर जागा मिळवली. सावकाशीने त्याचे काही बिघडले नाही. उलट सुरुवातीला पन्नास एकरांची अधिसूचना काढून मोकळे होणारे आणि मग न्यायालयांच्या पायऱ्या चढणारे प्रकल्प आपल्या राज्यात ढिगांनी सापडतील.

१९३६ साली काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले ते याच जळगाव जिल्ह्यातील फैजपूरला. देशाचा कारभार खेड्याकडे तोंड करून चालावा, ही त्या अधिवेशनामागची धारणा होती. नंतरच्या काळात दिवे शहराकडे गेले आणि भारनियमन खेड्याकडे आले. उन्हाच्या बाबतीत ती चूक टाळता येण्यासारखी आहे, कारण कोळसा खाणीत असतो आणि पाणी धरणात असते, पण ऊन प्रत्येक गावाच्या माथ्यावर सारखेच पडते. ते गोळा करण्याची यंत्रेही दिवसेंदिवस लहान व स्वस्त होत आहेत. आता प्रश्न केवळ ते वाटण्याच्या न्यायाचा उरला आहे. जळगावच्या लोकप्रतिनिधींनी आणि विमानतळ प्राधिकरणाने आवारातल्या चार एकरांपासून हा न्याय सुरू करावा. आणि धुळ्याच्या लोकप्रतिनिधींनी दोंडाईचा परिसरातील प्रत्येक खातेदाराला त्याच्या जमिनीचे नेमके काय झाले, याचा लेखी हिशेब मिळवून द्यावा. यांपैकी दुसरे काम आधी झाले, तर पहिल्याच्या उद्घाटनाला खानदेशातील शेतकरी आपण होऊन येईल.